पीएच.डी.चं सहावं वर्ष, विषय अंगणवाडीतली मुलं: पूर्ण करू की सोडून देऊ?

कपाशीचं बोंड

नमस्कार. इथं शिक्षण क्षेत्रातले बरेच जण आहेत म्हणून विचारते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. पहिली-दुसरीचा वर्ग माझ्याकडे असतो. डिसेंबर २०१९ मध्ये शिक्षणशास्त्रात पीएच.डी.ची नोंदणी झाली. विषय असा: अंगणवाडीतल्या पूर्वप्राथमिक शिक्षणाचा मुलांच्या पहिलीच्या पूर्वतयारीवर होणारा परिणाम. विषय मीच मागून घेतला होता. पहिलीत आलेलं एक लेकरू चटकन रुळतं आणि दुसरं दिवाळीपर्यंत दाराकडे बघत बसतं, हे मी बारा वर्षं बघत होते. ते का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

नोंदणी झाली आणि तीन महिन्यांत करोनामुळे अंगणवाड्या बंद. तो काळ वाचनात गेला. २०२३ ला २० अंगणवाड्या धरल्या, २४० मुलं. ऑगस्टात पहिली चाचणी घेतली, मार्चमध्ये दुसरी घ्यायची होती. ४ डिसेंबरपासून सेविकांचा राज्यभर संप सुरू झाला, तो जानेवारी संपता संपता मिटला. त्यांच्या मागण्या खऱ्या होत्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मार्चमध्ये मी गेले तेव्हा २४० पैकी १५१ मुलंच सापडली. बाकीची कुठं ऊसतोडीला आईबापासोबत, कुठं कापूस वेचणीपासून आजीकडे, कुठं गावच सोडून गेलेली.

आता तीन प्रकरणं लिहून झाली आहेत. चौथ्यात, म्हणजे माहितीच्या विश्लेषणात, गाडी रुतली. ६२ तक्ते काढले. मार्गदर्शक म्हणतात, "तक्ते राहू द्या, यातून तुम्हाला म्हणायचं काय आहे ते दोन वाक्यांत सांगा." मला ती दोन वाक्यं सांगता येत नाहीत. रात्री साडेनऊला भांडी आवरली की लॅपटॉप उघडते, तेच तक्ते वरखाली करते आणि अकराला बंद करते. सासरे वर्षभरापासून अंथरुणावर आहेत. यंदा शेतात डवरणीला मजूर मिळाले नाहीत तेव्हा दोन रविवार तिकडेच गेले.

एक गोष्ट फार टोचते. तीन अंगणवाड्या कोलाम पोडांवरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवरच्या आहेत. तिथल्या मुलांचे भाषेचे गुण इतके कमी आले की तो तक्ता प्रबंधात घालायला हात धजत नाही. त्यातली पाच-सहा मुलं पुढं माझ्याच शाळेत आली. ती तशी नाहीत हो. तक्त्यात दिसतात तशी ती नाहीत.

तर मुदतीचं काय होईल, १५१ मुलांवर काम चालेल का, आणि खरं सांगा, या वयात, या परिस्थितीत हे पूर्ण करण्यात अर्थ आहे का?

---

पेट पास

ताई, मुदतीपुरतं मी सांगतो, बाकी अनुभवी लोक सांगतीलच.

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नवे पीएच.डी. नियम नोव्हेंबर २०२२ चे. तुमची नोंदणी त्याआधीची, म्हणून तुम्हाला २०१६ चे नियम लागू. त्यातही कमाल मुदत सहा वर्षांची, पण महिला संशोधकांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. म्हणजे डिसेंबर २०२५ ला दार बंद होत नाही. मात्र ही सवलत आपोआप मिळेल असं धरून बसू नका. मुदत संपायच्या आत अर्ज द्या, मार्गदर्शकांची शिफारस जोडा, आणि विद्यापीठाच्या पीएच.डी. कक्षातून आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत परत घ्या. फोनवर "होऊन जाईल" म्हणाले तर त्यावर थांबू नका. माझ्या ओळखीतल्या एकीचा अर्ज टेबलावर राहिला आणि तारीख उलटली. पुढचे आठ महिने ती त्याच कागदामागे धावली.

प्रगती अहवाल वेळच्या वेळी दिलेत ना? राहिले असतील तर ते आधी पूर्ण करा. वाढीव मुदत मागताना पहिल्यांदा तेच बघतात.

---

अरुणावतीकाठची

बोंडताई, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचला आणि काल रात्री झोप लागली नाही. तुम्ही जिथं अडकलात तिथंच मी अडकले होते. म्हणून सविस्तर लिहिते.

मी दिग्रसकडची. डी.एड.च्या विद्यार्थ्यांना शिकवते. माझी नोंदणी २०१४ ची आणि पदवीची अधिसूचना निघाली २०२१ मध्ये. सात वर्षं लागली. त्यातलं एक अख्खं वर्ष मी जमवलेली माहिती बाजूला ठेवण्यात गेलं, आणि माझा प्रबंध त्या वर्षामुळेच पूर्ण झाला असं मी आजही मानते.

माझाही विषय तुमच्यासारखाच अघळपघळ होता. भाषा विकास, अंकज्ञान, सामाजिक विकास, कारक विकास, सगळं एकाच टोपलीत. साधन म्हणून चित्रकार्डं केली होती. छत्री, भाकरी, विहीर, बैल, चप्पल. कार्ड दाखवायचं, "हे काय आहे?" विचारायचं, बरोबर सांगितलं की एक गुण. तज्ज्ञांकडून तपासून घेतलं, सगळं रीतसर होतं.

चारपैकी दोन अंगणवाड्या बंजारा तांड्यांवर होत्या. तिथं एक साडेतीन-चार वर्षांची मुलगी होती. तिच्यासमोर मी कार्डं धरली तर ती कार्डाकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि फ्रॉकचं टोक तोंडात घालायची. वीस कार्डं झाली, वीस शून्यं. मी पेन्सिलीनं एकाखाली एक शून्यं काढली, मला तो कागद आजही डोळ्यापुढं दिसतो. दुसऱ्या भेटीतही तेच. शेरा लिहिला, "शाब्दिक प्रतिसाद नाही."

तिसऱ्या भेटीच्या दिवशी पाऊस पडून गेला होता. खिचडी शिजायची होती म्हणून मुलं बाहेर ओट्यापाशी खेळत होती, मी आत नोंदवही लिहीत होते. बाहेरून थप थप थप असा आवाज येत होता. वाकून बघितलं तर तीच मुलगी. उकिडवी बसलेली, दोन्ही तळहातांवर चिखलाचा गोळा थापत होती, अगदी बायका भाकरी थापतात तसा, फिरवत फिरवत, कडेनं बोटं दाबत. थापून झाली की दगडावर टाकायची, वर बोटानं पाण्याचा हात फिरवायची. शेजारच्या पोराला म्हणाली, "याडी, बाटी." पुढं ती बरंच बोलली, ते मला कळलं नाही. मदतनीस दारात तांदूळ निवडत होती, ती हसून म्हणाली, "बाई, हे त्याले सांगून रायली का माय भाकर करून रायली, तू पहिले गुरं बांधून ये, मंग जेवाले बस."

याडी म्हणजे आई. बाटी म्हणजे भाकरी. माझ्या वीस कार्डांतलं दुसरं कार्ड भाकरीचं होतं आणि त्याच्यापुढं मी शून्य लिहिलं होतं. जी मुलगी आई झाली होती, कामांचा क्रम लावत होती, दुसऱ्याला त्याची भूमिका समजावत होती, तिच्या नावापुढं मी "शाब्दिक प्रतिसाद नाही" लिहून ठेवलं होतं. मला रडू आलं. लाज वाटली हे जास्त खरं.

ताई, तुमच्या पोडावरच्या मुलांचे गुण कमी आलेत ते बहुधा याचमुळे. तुमची चाचणी मराठीत आहे आणि त्यांच्या घरात कोलामी बोलतात. बंजाऱ्यांची गोरमाटी निदान मराठीच्या नात्यातली भाषा आहे. कोलामी तर द्राविडी कुळातली, मराठीशी तिचं मूळच जुळत नाही. तीन वर्षांच्या मुलाला तुम्ही परक्या भाषेत प्रश्न विचारला आणि ते गप्प राहिलं, तर मोजलं काय गेलं? त्याचा विकास नाही, त्याचं मराठी मोजलं गेलं. तो तक्ता लपवू नका. तोच तुमच्या प्रबंधाचा गाभा आहे. तुमचे मार्गदर्शक मागतात ती दोन वाक्यं तिथंच आहेत.

मी पुढं काय केलं ते सांगते. मार्गदर्शकांना जाऊन स्पष्ट सांगितलं की माझं साधन चुकलं आहे. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मग हेच लिहा." मी विषयाची व्याप्ती कमी केली, समितीकडून रीतसर मंजूर करून घेतली. चार अंगणवाड्या, ४६ मुलं, फक्त भाषा. साधनात बदल एवढाच की मूल कुठल्याही भाषेत बोललं तरी उत्तर धरायचं, आणि कार्डाऐवजी खरी वस्तू हातात द्यायची. खराटा, टोपली, कणीस. मदतनीस तांड्यातलीच होती, ती शेजारी बसायची. तिला आधी नीट शिकवलं की उत्तर सुचवायचं नाही, मूल बोललं तेच्या तेच मला सांगायचं. हे बदललेलं साधन पुन्हा पाच जाणकारांना दाखवलं, त्यात दोघं गोरमाटी बोलणारे शिक्षक होते. नमुन्याबाहेरच्या दहा मुलांवर करून बघितलं. मग खरी फेरी. त्याच मुलीला वीसपैकी सतरा मिळाले.

मुलं कमी झाली म्हणून घाबरू नका. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावी १९६२ मध्ये पेरी प्रीस्कूलचा अभ्यास सुरू झाला. बालशिक्षणावर जगात कुठंही बोललं गेलं तरी त्याचं नाव निघतं. त्यात मुलं होती १२३, आणि त्यातली प्रत्यक्ष बालवाडीत घातलेली फक्त ५८. पण ती मुलं चाळिशीची होईपर्यंत संशोधकांनी त्यांचा माग सोडला नाही. तुमच्याकडे १५१ आहेत. फक्त एक करा, जी ८९ सुटली ती का सुटली याचा हिशोब लिहा. ऊसतोडीला किती, वेचणीच्या काळात किती, स्थलांतर किती. परीक्षक नक्की विचारतील की गेलेली मुलं आणि राहिलेली मुलं पहिल्या चाचणीत सारखीच होती का. तुमच्याकडे २४० जणांचे ऑगस्टचे गुण आहेतच, तेवढी तुलना करून ठेवा. आपल्याकडे शाळेचं वर्ष आणि कापसाचं वर्ष वेगवेगळं चालतं. दिवाळीनंतर मूल अंगणवाडीत नसणं ही चूक नाही, ते इथलं जगणं आहे. तेही प्रबंधात आलं पाहिजे.

भारतातला एक मोठा अभ्यास नक्की वाचा, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला. आंबेडकर विद्यापीठ दिल्ली आणि असर सेंटर यांनी आसाम, राजस्थान आणि तेलंगणातली सुमारे १४,००० मुलं वयाच्या चौथ्या वर्षापासून आठव्यापर्यंत बघितली. त्यात दिसलं की मुलं सरकारी कागदावरच्या क्रमानं जातच नाहीत. कुणी चौथ्या वर्षीच पहिलीत बसतं, कुणी पहिलीतून परत अंगणवाडीत येतं. आणि नुसतं अंगणवाडीत जाण्यानं नाही, तर तिथं काय घडतं त्यावर फरक पडतो. हे वाचलं तेव्हा मला माझ्या गावातली मुलं ओळखू आली.

६२ तक्त्यांचं सांगते. सगळे एका फोल्डरमध्ये घालून बंद करा. एक मोठा कागद घ्या, मी कॅलेंडरची मागची बाजू घेतली होती. वर तुमचा एकच प्रश्न लिहा. त्या प्रश्नाला उत्तर देणारे तक्ते तेवढे शोधा. माझ्याकडे नऊ निघाले. संख्याशास्त्राच्या माणसाकडे जाताना "कुठली चाचणी लावू" असं विचारू नका, "मला हे जाणून घ्यायचं आहे" असं सांगा, मग तोच सांगेल. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, जास्प फुकट मिळतं आणि पुरतं.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नाही आणि त्यात माझे दोन महिने गेले. प्रबंध मराठीत लिहीत असाल तर पहिल्या ओळीपासून युनिकोडमध्ये टाइप करा. मी टायपिंगवाल्याकडे कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये करून घेतला होता. वाङ्मयचौर्य तपासणीच्या वेळी ते सॉफ्टवेअर वाचेना. बदलायला घेतला तर जोडाक्षरं फुटली, र्‍हस्व-दीर्घ पळाले, तक्त्यातले आकडे अक्षरं होऊन बसले. पाने ३१०, प्रत्येक ओळ हातानं तपासली. यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालतं. मराठीत त्याची भीती फारशी नाही, पण व्याख्या आणि शासन निर्णयांचे उतारे अवतरणात ठेवा.

अर्थ आहे का, असं विचारलंत. पगारवाढीचं मी बोलत नाही. माझी तोंडी परीक्षा २०२१ मध्ये ऑनलाइन झाली, दिग्रसला भावाच्या घरून, वीज जाऊ नये म्हणून त्यानं शेजारून इन्व्हर्टर आणून ठेवला होता. बाहेरच्या परीक्षकांनी ४६ मुलांबद्दल विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "त्या चिखलाच्या भाकरीचा प्रसंग नोंदवहीत कोणत्या तारखेला आहे?" मी तारीख सांगितली. पुढची वीस मिनिटं आम्ही फक्त त्या मुलीबद्दल बोललो. आता माझ्या डी.एड.च्या मुली सरावपाठाला तांड्यावर जातात तेव्हा आधी तिथले दहा शब्द शिकून जातात. मला तेवढं पुरतं.

---

अंगणवाडीतली बाई

मी शिकलेली कमी हाओ, बारावी. २२ वर्षं झाले सेविका म्हणून. हे सगळं वाचलं, म्हणून लिहून रायली, चुकलं तर माफ करजा.

आमच्याकडे आतापर्यंत तीन जण संशोधन कराले आले. चांगले लोक होते. येत, फॉर्म काढत, "मॅडम, तुमचं पूर्वप्राथमिक शिक्षणाचं वेळापत्रक काय?" विचारत. मी भिंतीवरचा तक्ता दाखवत जाओ. पण खरा दिवस कसा असते ते कोणी दिवसभर बसून पायलं नाही. सकाळी लेकरं गोळा कराची, वजन-उंची घ्याची, मोबाइलवर पोषण ट्रॅकर भराचं, रेंज नसली तं ओट्यावर उभं राहून भराचं, गरम आहार, गरोदर बाईची भेट, लसीकरणाचा दिवस असला तं ते. आम्हाले सहा सेवा द्याच्या असतात, त्यातली शाळापूर्व शिक्षण ही एक. "आकार"चं पुस्तक आहे आमच्यापाशी, प्रशिक्षणही झालं. गाणी-गोष्टी मले आवडतात. पण सलग एक तास लेकरांसोबत बसाले भेटला असा दिवस मी मोजून सांगू शकते.

म्हणून ताई, तुमच्या तक्त्यात कोण्या अंगणवाडीचे गुण कमी आले असतील तं त्या बाईच्या नावानं लिहाच्या आधी तिचा एक दिवस लिहा. आणि झालं का परत या. ते तिघं जण गेले, आम्हाले काय निघालं ते कधी समजलं नाही. माझ्याच लेकरांबद्दल पुस्तक झालं अन् मले मालूम नाही, हे मनाले लागते. दोन पानं लिहून आणा, मराठीत, वाचून दाखवा. मी चहा ठेवतो.

---

धामकाठी

अरुणावतीताईंनी अंगणातला प्रसंग लिहिला म्हणून थोडी भर घालतो. बोंडताईंना दुसऱ्या प्रकरणात उपयोग होईल. बहुतेक प्रबंधांत इतिहास म्हणून २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली इथून सुरुवात करतात आणि त्यामागचं सगळं दोन ओळींत गुंडाळतात.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीत राहिल्या आहेत. पुढं भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ, आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र. तिथं अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेलं. तिथं त्यांना जे दिसलं ते हेच होतं, मूल बालवाडीत येत नाही. मग त्यांनी बालवाडीच पाड्यावर, घरापुढच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं. मूल जिथं खेळतं, बोलतं तिथं शिक्षिकेनं जायचं, हा त्यामागचा विचार. अरुणावतीताई कार्डं ठेवून ओट्यापाशी गेल्या ते याच वाटेनं.

आणि आमच्या सेवाग्रामचं विसरू नका. ऑक्टोबर १९३७ ची वर्ध्याची शिक्षण परिषद सगळ्यांना माहीत असते, पण तेव्हा नई तालीम, म्हणजे गांधीजींची हातकामातून शिकवण्याची पद्धत, सात वर्षांवरच्या मुलांसाठी मांडली होती. १९४५ मध्ये गांधीजींनी तिची कक्षा वाढवली, आईच्या पोटात मूल असल्यापासून ते मरेपर्यंत. सेवाग्रामला पूर्व-बुनियादीचं, म्हणजे सात वर्षांखालच्या मुलांचं काम शांता नारुळकरांनी उभं केलं. तुमच्या गावापासून सेवाग्राम फार लांब नाही, आश्रम परिसरात एक दिवस काढा. विदर्भातल्या बालशिक्षणावर विदर्भात बसून लिहिताना हे संदर्भ दुसऱ्यांच्या इंग्रजी पुस्तकातून घ्यावे लागू नयेत.

---

कपाशीचं बोंड

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सगळ्यांचे आभार एका वाक्यात मानता येणार नाहीत.

पेट पास दादा, मुदतवाढीचा अर्ज दिला. शिक्का मारलेली प्रत माझ्या पर्समध्ये आहे, रोज एकदा बघते. एक प्रगती अहवाल राहिला होता, तोही दिला.

अरुणावतीताई, तुमचं वाचून मी आधी चिडले, खरं सांगते. एवढं सगळं पुन्हा करायचं या विचारानं. मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होता. सुट्टी होती. मी फॉर्म न घेता, नुसती वही घेऊन एका पोडावर गेले. अंगणवाडीची मदतनीस कोलाम आहे, तिला सोबत घेतलं. मुलांनी लाकडी नंदी आणले होते. एकाचा नंदी म्हणजे नुसतं कवेलूचं, छपरावरच्या कौलाचं, तुकडं होतं, त्याला दोरी बांधलेली आणि पुढं पळसाचं पान खोचलेलं. तो मुलगा माझ्या यादीत आहे. ऑगस्टात भाषेचे गुण २, मार्चमध्ये ३, वीसपैकी.

तो त्या कवेलूला घेऊन एका ठिकाणी थांबला आणि कितीतरी वेळ बोलत राहिला. मदतनीस मला सांगत गेली. हा बैल आजाचा आहे, हा म्हातारा झाला, याला आज काम नाही, उद्या पण नाही, याला विकायचं म्हणतात पण मी विकू देणार नाही, याच्या पायाला काटा लागला, थांब काढतो. मग त्यानं खरंच कवेलू उलटं धरलं आणि काटा काढला. मी ते सगळं लिहून घेतलं, तारीख आणि वेळेसकट. पावणेतीन पानं झाली. घरी येऊन त्याच्या नावापुढचा ३ बघितला.

दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकांना फोन करून दोन वाक्यं सांगितली. ते म्हणाले, लेखी पाठवा, समितीपुढं ठेवू. तीन पोडांवरची २३ मुलं आहेत माझ्या १५१ मध्ये. त्यांच्यासाठी साधन बदलून नवी फेरी घ्यायची, म्हणजे हीच मुलं मिळणार नाहीत, मोठी झाली, पण आताची मिळतील. जुने गुण आणि नवी फेरी शेजारी शेजारी ठेवणार. जुना तक्ता तसाच ठेवते आहे, खाली तो कसा चुकला ते लिहून. वेचणी सुरू व्हायच्या आत पोडावरचं काम आटपायचं आहे, म्हणजे हातात दीड-दोन महिने.

अंगणवाडीतली बाई, तुम्ही लिहिलंत ते मी छापून भिंतीला लावलं आहे. पहिल्या दिवशी फक्त बसणार, सकाळी सेविका कुलूप उघडते तेव्हापासून. जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाकडून परवानगीचं पत्र जुनं आहे, ते नव्यानं मागितलं. आईबापांची संमती पुन्हा घेते आहे. आधी सगळ्यांचे अंगठे एका बैठकीत घेतले होते, आता घरोघरी जाऊन काय करणार ते सांगते.

एक विचारायचं राहिलं. मदतनीस ताईंनी सगळं भाषांतर केलं, पुढंही करतील. त्यांचं प्रबंधात काय लिहायचं? आमच्याकडे ऋणनिर्देशात शेवटी "तसेच सर्व सेविका व मदतनीस" असं लिहायची पद्धत आहे, ते मला बरोबर वाटत नाही.

---

अरुणावतीकाठची

नाही, तेवढ्यावर भागवू नका. तिसऱ्या प्रकरणात, संशोधन पद्धतीत लिहा. भाषांतर कोणी केलं, तिची मातृभाषा कोणती, तिला काय आणि किती दिवस शिकवलं, तिचं आणि दुसऱ्या कोलामी जाणकाराचं भाषांतर किती जुळलं. त्यासाठी मुलांचं थोडं बोलणं पालकांच्या संमतीनं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दहा तुकडे त्या दुसऱ्या माणसाकडून वेगळे करून घ्या. त्यामुळे तुमचं साधन भक्कम होतं आणि तिचं काम जिथं आहे तिथं दिसतं. नाव घालायचं की नाही ते तिलाच विचारा. माझ्या मदतनीसनं घालू दिलं होतं. प्रबंधाची बांधलेली प्रत मी तांड्यावर नेली तेव्हा तिनं ते पान काढायला लावलं आणि नवऱ्याला वाचायला दिलं.

आणि कवेलूच्या बैलाची ती पावणेतीन पानं आजच टाइप करा. युनिकोडमध्ये.